परतीचे तिकीट

गेल्या मे महिन्यात पावसाच्या तोंडावर घराची कौले चाळायला काढली. राधानगरीचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना जास्त सांगायला नको. आषाढी पौर्णिमेला विहारात वर्षावास सुरू होतो, तेव्हा इथे ओल भिंतीतून वर चढत असते आणि उशाखालचे पुस्तकसुद्धा दमट लागते. म्हणून माळ्यावरचे सगळे सामान खाली उतरवले. त्यात एक जुनी पत्र्याची ट्रंक निघाली. आमची आठवीतली नात ती उघडून बसली आणि ओरडली, "आजोबा, तुमाला कुणी एवढी पत्रं घातलीत? आन पत्त्यावरचं अक्षर बी तुमचंच हाय की!"

पोरीचे म्हणणे खरे होते. मोजली तर 43 पाकिटे निघाली. प्रत्येकावर आमचा पत्ता आमच्याच हाताने लिहिलेला. आत आमचीच कथा, घड्या पडून पिवळी झालेली, आणि तिला टाचणीने लावलेली छापील चिठ्ठी. चिठ्ठीवर दोनच शब्द महत्त्वाचे : साभार परत.

वाचकहो, आजची हकिकत या 43 पाकिटांची आहे, आणि त्यांत नसलेल्या एका पाकिटाचीही आहे.

आम्ही म्हणजे हा लेख लिहिणारा एकटाच. पण आमच्या कोल्हापूरकडे माणूस स्वतःला सहज 'आम्ही' म्हणतो, त्यात मोठेपणा नसतो. शिवाय कथालेखक होण्याची हौस आमची एकट्याची असली, तरी तिचा खर्च घरातल्या सगळ्यांनी मिळून सोसला आहे. तेव्हा 'आम्ही' हेच बरोबर.

आम्ही 1983 साली एस.टी.त कंडक्टर म्हणून लागलो आणि 2018 साली निवृत्त झालो. पस्तीस वर्षे तिकिटे फाडली. सुरुवातीला आमच्या वाट्याला वस्तीच्या गाड्या फार यायच्या. संध्याकाळची शेवटची गाडी घेऊन एखाद्या खेड्यात जायचे, तिथेच मुक्काम करायचा आणि पहाटे तीच गाडी घेऊन परत यायचे. ड्रायव्हर मागच्या लांब बाकावर घोंगडी पांघरून झोपायचा. आम्ही पैसे मोजून, वेबिल भरून मोकळे झालो की नऊ-साडेनऊ वाजलेले असायचे. शाळेच्या व्हरांड्यात दिवा असला तर त्याच्याखाली बसून वाचत पडायचो.

निपाणीच्या गाडीला सरवड्याहून रोज एक गुरुजी बसायचे. आमच्या बॅगेतून डोकावणारे पुस्तक पाहून ते एकदा म्हणाले, "हे रहस्यकथांचं पुरे करा आता. हे घ्या." त्यांनी दिलेले पुस्तक होते बाबुराव बागुलांचे 'जेव्हा मी जात चोरली होती'. हा कथासंग्रह 1963 सालचा. रेल्वेत नोकरीला लागलेला एक तरुण भाड्याच्या खोलीसाठी जात लपवतो आणि ती उघड झाल्यावर मार खातो, ही त्यातल्या नावाच्या कथेची गोष्ट. ती आम्ही दाजीपूरच्या बाजूला एका मुक्कामी वाचली. बाहेर पाऊस कोसळत होता आणि आम्हांला वाटत होते, हे तर आपल्याला ठाऊक असलेले आहे! मग आजवर कथेत हे का नव्हते?

गुरुजींनीच पुढे सांगितले की बागूल स्वतः रेल्वेत नोकरीला होते आणि मुंबईच्या माटुंगा लेबर कँपात वाढले. अण्णा भाऊ साठे नीट शाळाही शिकले नाहीत. त्यांनी घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडपट्टीत राहून 'फकिरा' लिहिली आणि ती बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. आमच्याच रस्त्यावरच्या निपाणीत महादेव मोरे पिठाची गिरणी चालवता चालवता कथा-कादंबऱ्या लिहीत होते. पिठाच्या गिरणीवाल्याला जमते, तर तिकीटवाल्याला का जमू नये? अशी आमच्या वेडाची सुरुवात झाली.

पण गंमत पाहा. बागूल वाचून पेटलो आणि पहिली कथा लिहायला बसलो, तर कागदावर उतरले काय? नायकाचे नाव शेखर. त्याचा समुद्राकाठी बंगला. नायिका पियानो वाजवते आणि शेवटी तिला क्षय होतो. आम्ही तोवर समुद्र एकदाच पाहिला होता, तोही फोंडा घाट उतरून गाडी घेऊन गेलो तेव्हा. पियानो तर सिनेमातच पाहिलेला. पण मासिकात छापून येतात त्या कथा अशाच असतात, असे मनाने घेतले होते.

त्या काळी मासिकाला कथा पाठवायची म्हणजे सोबत आपलाच पत्ता लिहिलेले, तिकीट लावलेले दुसरे पाकीट ठेवावे लागे. कथा नापसंत झाली की त्याच पाकिटातून घरी. आयुष्यभर दुसऱ्यांना परतीचे तिकीट देणारे आम्ही, पण इथे स्वतःच्या परतीचे तिकीट आपणच आधी काढून द्यायचे! डेपोतल्या मित्रांना हे सांगितले तेव्हा ते पोट धरून हसले. तेव्हापासून आमचे नाव 'लेखकराव' पडले. "लेखकराव, सुट्टे हायत का?" "लेखकराव, आज कुणाला मारलं कथेत?"

शेखर तीन आठवड्यांत परत आला. त्यानंतरचे पाच-सहा शेखरही आले. ही, म्हणजे आमची मंडळी, रात्री भाकरी थापता थापता कथा ऐकायची. एकदा तिने काटवटीतून मान वर न करता विचारले, "ही माणसं कुनाची वो? आपल्या वळखीची दिसत न्हाईत." संपादकांच्या 43 चिठ्ठ्यांत मिळून जेवढे शिकलो नाही, तेवढे या एका प्रश्नाने शिकवले. शेखरला आम्ही रजा दिली आणि गाडीत बसणारी माणसे कथेत बसवायला लागलो. ऊसतोडीहून परतणारे जोडपे, तंबाखूच्या वखारीतल्या निपाणीच्या बाया, परीक्षेला निघालेला आणि भाड्याला चार आणे कमी पडलेला मुलगा.

1989 साली त्या चार आण्यांच्या कथेला एका लहानशा साप्ताहिकाने जागा दिली. आम्ही दहा अंक विकत घेतले. गाडीत, डेपोत, नातेवाइकांत वाटले. आनंदात एक गोष्ट उशिरा ध्यानात आली. छापखान्याच्या चुकीने आमचे आडनावच बदलले होते. ड्रायव्हर अंक उलटून पाहत म्हणाला, "लेखकराव, ह्यो कोन दुसराच मानूस हाय." तरी त्या रात्री आम्हांला झोप आली नाही. आईने अंक हातात घेतला. तिला वाचता येत नव्हते. तिने छापलेल्या ओळींवरून नुसता हात फिरवला आणि तो बाबासाहेबांच्या तसबिरीखाली नेऊन ठेवला.

चढ झाला, आता उताराचे सांगतो. त्यात लपवण्यासारखे काही ठेवत नाही, कारण आजही आमची पोरे त्याच खड्ड्यात पडत आहेत.

1991 साली एका शहरातल्या प्रकाशकाचे पत्र आले. त्याने लिहिले होते की तुमच्या कथा छापण्यालायक आहेत, फक्त खर्चातला काही वाटा लेखकाने उचलायचा. नाव सांगत नाही. वाटा होता चार हजार रुपये. आमच्या तेव्हाच्या पगारात ते कसे बसायचे? ही काही बोलली नाही. कानातली फुले काढून तिने रुमालात बांधली आणि पुढे ठेवली. तिच्या माहेरहून आलेले तेवढेच सोने होते. आम्ही ते गहाण ठेवले.

पुस्तकाच्या 300 प्रती आल्या, त्याही आम्हीच कोल्हापूर स्टँडवरून गाडीच्या टपावर घालून आणल्या. पुस्तकांच्या दुकानांत कुणी ठेवून घेतल्या नाहीत. मग 14 एप्रिलला बिंदू चौकात जमिनीवर सतरंजी टाकून बसलो. बिंदू चौकातला बाबासाहेबांचा पुतळा त्यांच्या हयातीत, डिसेंबर 1950 मध्ये बसवलेला. शेजारी जोतीराव फुल्यांचा. त्या दोघांच्या सावलीत आपले पुस्तक विकायचे, याचाच अभिमान वाटत होता. एक बाई आल्या, अंगावर नवे पांढरे लुगडे, पायांना चिखल्या पडलेल्या. पुस्तक उलटसुलट करून त्यांनी विचारले,

"ह्यात बाबासाहेबांचं काय हाय?"

"न्हाई मावशी. आमच्या कथा हायत."

"कशाच्या?"

"आपल्याच मानसांच्या. राबत्यात त्यांच्या."

"ते काय वाचायचं? ते तर रोजचंच हाय." असे म्हणून त्यांनी पलीकडून बाबासाहेबांचा फोटो घेतला आणि गर्दीत निघून गेल्या.

संध्याकाळपर्यंत अकरा प्रती गेल्या. उरलेल्या घरी आणल्या. दोन पावसाळ्यांत निम्म्यांना वाळवी लागली आणि निम्म्यांना बुरशी. हिच्या कानांत बाभळीच्या काड्या होत्या, भोके बुजू नयेत म्हणून. रोज जेवायला बसलो की त्या काड्या समोर दिसायच्या. आम्ही वर्षभर पेनाला हात लावला नाही. फुले सुटायला 1996 साल उजाडले.

त्या वर्षात एकदा आईने विचारले, "का रं, आता ल्हिवत न्हाईस?" आम्ही म्हणालो, "नशिबात न्हाई." आई उखडली. "नशीब बिशीब आपण बुडवलं न्हवं का? मग मदीच कुटनं आलं?" धम्मदीक्षा घेतलेल्या बाईपुढे नशिबाचे नाव काढून चालत नाही, हे आम्ही विसरलो होतो.

मग तिने आमच्या आजोबांची गोष्ट सांगितली. राधानगरीच्या धरणाचे काम राजर्षी शाहू महाराजांनी गेल्या शतकाच्या सुरुवातीला हाती घेतले. पैशाअभावी ते मध्येच थांबले. महाराज 6 मे 1922 रोजी गेले तेव्हा धरण अपुरेच होते. पुढे काम पुन्हा सुरू झाले, तेव्हा आमचे आजोबा तिथे दगड वाहायला होते. धरण पुरे व्हायला 1950 चे दशक यावे लागले. आई म्हणाली, "तुझा आजा दगड टाकून आला, पर पानी तटलेलं बगायला ऱ्हायला न्हाई. म्हून काय दगड वाया गेला?" आज त्या धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे पाणी पुरेसे चढले की आपोआप उघडतात आणि ते पाहायला लांबून माणसे येतात. त्यांतल्या किती जणांना आजोबांसारख्यांची आठवण असेल?

याच काळात आम्ही बाबासाहेबांचे चरित्र पुन्हा वाचायला घेतले. आधीही वाचले होते, पण आता लिहिणारा माणूस म्हणून वाचले. तेव्हा वेगळ्याच गोष्टी डोळ्यांत भरल्या. 1917 साली ते विलायतेहून परतले, तेव्हा त्यांचे सामान वेगळ्या बोटीवर होते. ती बोट महायुद्धात टॉर्पेडोने बुडाली आणि त्यांची पुस्तके समुद्राच्या तळाशी गेली. 31 जानेवारी 1920 रोजी त्यांनी 'मूकनायक' सुरू केले. आमच्या शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपये दिले. पण त्या काळच्या एका बड्या पत्राने 'मूकनायक'ची साधी जाहिरात, पैसे मोजायची तयारी असतानाही, छापली नाही. 1922 साली त्यांनी रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध लंडन विद्यापीठाला दिला. परीक्षकांनी तो पुन्हा लिहून आणायला सांगितला. त्यांनी तो पुन्हा लिहिला आणि 1923 साली पदवी मिळवली. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ छापायला मदत व्हावी म्हणून त्यांनी 1956 साली पंतप्रधानांना पत्र लिहिले, सरकारने काही प्रती विकत घ्याव्यात अशी विनंती केली. ती मान्य झाली नाही. ग्रंथ 1957 साली बाहेर आला, तेव्हा बाबासाहेब नव्हते.

वाचकहो, बोधिसत्त्वाशी आमची बरोबरी करण्याइतके आम्ही वेडे नाही. पण ज्यांच्यामुळे आमच्या हातात पेन आले, त्यांचीही लेखणी परत पाठवली गेली होती, हे कळल्यावर आमच्या चिठ्ठ्यांचे दुःख करत बसायची लाज वाटली. आम्ही पुन्हा लिहायला बसलो.

आता त्या पाकिटाची गोष्ट. 44 वे म्हणा हवे तर.

आमच्या मूळ गावातल्या वस्तीने 1957 साली धम्मदीक्षा घेतली. त्यानंतर समाजाची बैठक बसली. ठराव झाला की आजपासून गावकीची कामे बंद, मेलेले ढोर ओढणे बंद आणि दारोदार भाकरी मागणे बंद. जो मोडेल त्याला दंड. ठराव मांडायला सगळ्यांत पुढे आमचे वडील होते. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. महार वतने खालसा करणारा कायदा 1958 साली झाला, त्याच्या आधीच आमच्या लोकांनी भाकरीवर पाणी सोडले होते. गावानेही मग शेतातले काम बंद केले. आषाढ आला. घरात नाचणीची आंबील होती तीही संपली. आमची थोरली अक्का तेव्हा दोन वर्षांची, तापाने फणफणलेली. दादा कामाच्या शोधात कोकणात उतरलेले. त्या रात्री आई भर पावसात एका शेतकऱ्याच्या घराच्या परड्यात गेली आणि भाकरी घेऊन आली. ती भाकरी दुधात नाही, पाण्यात कुस्करून अक्काला भरवली. दादांना हे कधी कळले नाही. ते 1979 साली वारले. आईने ही गोष्ट छत्तीस वर्षांनी एकदाच सांगितली, तीही सुनेला, पोस्ताची आमटी ढवळता ढवळता. सुनेने ती आम्हांला सांगितली.

आम्ही त्यावर कथा लिहिली. दोन रात्रींत. आतापर्यंत इतके चांगले काही लिहिले नव्हते, हे लिहितानाच कळत होते. एका नावाजलेल्या दिवाळी अंकाला पाठवली. 1994 चा ऑगस्ट असेल. पाकीट आले, पण ते आमच्या अक्षरातले नव्हते! संपादकांनी स्वतःच्या हाताने पत्र लिहिले होते. कथा आवडली, दिवाळी अंकात घेत आहोत. विशेषतः आई त्या दारात पदर पसरते तो प्रसंग वाचून डोळ्यांत पाणी आले, असे त्यात होते.

आम्ही पत्र घेऊन घरभर नाचलो. हिने गूळ वाटला. मग कथा आईला वाचून दाखवायला बसलो. ती भिंतीला टेकून ऐकत होती. पदर पसरण्याच्या जागी आलो तशी ती म्हणाली, "थांब. ते काय ल्हिवलंस?"

आम्ही पुन्हा वाचले.

"म्या पदर न्हवता पसरला."

"आई, गोष्टीत लिहावं लागतं तसं. वाचणाराला कळाय पायजे ना."

"म्या पदर न्हवता पसरला," आई पुन्हा म्हणाली. "म्या काय मागितलं बी न्हाई. परड्यात जाऊन हुबी ऱ्हायली. पावसात. ती बाई भांडी इसळाय भाईर आली. तिनं बगितलं. म्या बी बगितलं. ती आत गेली आन भाकरी आनून हातावर ठेवली. 'कुनाला सांगत न्हाई,' म्हनाली. तुझ्या दादानं ठराव केला हुता, मागायचं न्हाई. म्या न्हाई मागितली."

नंतर बराच वेळ कुणी बोलले नाही. आम्ही कुठून आणला होता तो पदर? पुस्तकांतून आणि सिनेमांतून. गरीब बाई दारात गेली की पदर पसरते, हे आम्ही वाचून वाचून इतके पाठ केले होते की आमच्या आईच्या हातांतही तोच पदर दिला. तिने त्या रात्री जे एवढेसे राखले होते, तेच आम्ही दोन रात्रींत खर्च करून टाकले होते. आणि संपादकांना आवडले होते तेही नेमके तेवढेच.

आई शेवटी म्हणाली, "चांगलं ल्हिवलंयस. पर मी हाय तवर छापू नगंस. तुझ्या दादाचं नाव गावात हाय. लोक म्हनतील, ठराव करनाऱ्याच्याच बायकूनं मोडला. मी गेल्यावर काय ते कर. पर पदर काडून टाक."

खरे सांगायचे तर आम्ही त्या रात्री आईवर चिडलो. दहा वर्षे धडपडून एक दार उघडले होते आणि घरचेच माणूस ते लावून घेत होते. तीन दिवस घरात बोललो नाही. हिला म्हणालो, "आईला कुठं वाचता येतंय? अंक ह्या गावात कोण आणणार हाय?" ही म्हणाली, "तिला वाचता येत न्हाई म्हनून तुमी फसवनार व्हय?" चौथ्या दिवशी संपादकांना पत्र टाकले. कथा परत पाठवावी, घरगुती अडचण आहे. त्या पत्रासोबत तिकीट लावलेले पाकीट ठेवले. 43 वेळा दुसऱ्यांनी कथा परत पाठवली होती. ही एकच आम्ही स्वतः मागून घेतली.

फलटणच्या बेबीताई कांबळे यांनी किराणा दुकान सांभाळत 'जिणं आमुचं' लिहिले आणि वीसेक वर्षे ते लिखाण घरच्यांपासून लपवून ठेवले, हे आम्ही पुढे वाचले. त्यांचे पुस्तक 1986 साली आले होते. त्यांचा धाक वेगळा होता, आमची अडचण वेगळी. पण लिहिलेले ट्रंकेत पडून राहणे काय असते, ते कळले. आमच्या लोकांच्या कित्येक कथा अशा ट्रंकांत असतील.

आई 2011 साली गेली. तिच्या पुण्यानुमोदनानंतर दोन वर्षे आम्ही ती कथा उघडली नाही. मग काढली आणि पदर काढून टाकला. तो काढला तर सगळी कथाच बदलावी लागली, कारण आता ती मागण्याची कथा राहिली नव्हती, दोन बायकांनी एकमेकींकडे पाहण्याची झाली होती. सहा वेळा लिहिली. 2014 साली जिल्ह्यातल्या एका लहान दिवाळी अंकात आली. मानधन तीनशे रुपये. या वेळी आडनावही बरोबर होते.

अक्का इचलकरंजीला असते. दिल्या घरी यंत्रमागावर कांड्या भरण्यात तिचे आयुष्य गेले. चौथीपर्यंत शिकलेली, सावकाश वाचते. अंक घेऊन आम्ही मुद्दाम तिच्याकडे गेलो. तिने चष्मा लावला आणि ओळींवर बोट ठेवून दीड तास वाचत बसली. आम्ही चहा गार करून घेतला. वाचून झाल्यावर तिने अंक मिटला आणि विचारले,

"म्हंजे ती भाकरी माझ्यासाटी हुती?"

"व्हय."

"मला कुनी कधी सांगितलं न्हाई."

एवढेच. मग ती उठून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. बाहेर आली ती आमच्यासाठी ताट वाढूनच. आम्हांला आजवर जो काही मानसन्मान मिळाला, तो याहून मोठा नाही.

आता आमच्या समाजातल्या लिहिणाऱ्या पोरापोरींसाठी चार गोष्टी सांगतो आणि थांबतो. आज कथा मोबाइलवर लिहिता येते आणि एका बोटाने पाठवता येते. परतीच्या पाकिटाला तिकीट लावावे लागत नाही. पण आता बहुतेक ठिकाणांहून नकारही येत नाही, नुसती वाट पाहावी लागते. तिला भिऊ नका. आपल्याच कोल्हापूर जिल्ह्यातल्या किरण गुरवांना कथासंग्रहासाठी 2021 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि पन्हाळ्याकडच्या कृष्णात खोतांना कादंबरीसाठी 2023 चा. तेव्हा आडगावच्या माणसाला कोण विचारतो, हे म्हणणे सोडून द्या. छापण्यासाठी पैसे मागणाऱ्याला एक रुपया देऊ नका आणि घरातल्या बाईच्या कानातले तर मुळीच उतरवू देऊ नका. नोकरी सोडू नका, आमच्या कथा नोकरीनेच दिल्या. आणि ज्यांचे जिणे तुम्ही लिहिता, त्यांना ते आधी वाचून दाखवा. त्यांना वाचता येत नसेल तर मोठ्याने वाचा. ते कुठे थांबवतात तिकडे लक्ष द्या. आपल्या माणसाची खोटी मान खाली घालून छापून येण्यापेक्षा साभार परत आलेले बरे.

कौले चाळून झाली. ट्रंक पुसून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून पुन्हा माळ्यावर ठेवली. नातीने विचारले, "आजोबा, ही टाकून का देत न्हाई?" ही आतून म्हणाली, "ऱ्हाऊ देत. माझी फुलं गेलीवती त्यात." आणि कानाला हात लावून हसली.

नमो बुद्धाय. जय भीम.